परत फिरवलेली कडब्याची गाडी
भिजवलेल्या हरभऱ्याचा वास आला, की धुळ्याच्या आमच्या घोडेस्वारी मंडळाची पांढरी घोडी आठवते. त्या उन्हाळ्यात वर्गणी थकली, तेव्हा विलायती कापड विकणाऱ्या एका शेठजींनी गाडीभर कडबा देणगी म्हणून पाठवला. मी मंडळाचा चिटणीस, स्वदेशीची पत्रकं वाचून पेटलेला. गाडी दारातूनच परत फिरवली. आम्हाला फुकट स्वारी शिकवणारा म्हातारा टांगेवाला म्हणाला, "घोडीले काय समजस भाऊ, चारा कोना शे ते?" त्याला मी स्वदेशीवर व्याख्यान दिलं. पंधरवड्यात घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या, म्हणून तिला विकावं लागलं. घेतली एका गोऱ्या साहेबानंच. निघताना तिनं सवयीनं माझ्या रिकाम्या ओंजळीत तोंड घातलं. सभांतून मी अजून तेच बोलतो, पण उपास तिनं केला होता, मी नाही.