माणच्या माळावरचा सायबेरिया

आमच्या माळावर रेनडिअर मिळत नाही, म्हणून मी मेंढीला शिंगं बांधली.

हसू नका! माझी लेक सानिका नववीत. विद्यार्थ्यांच्या पर्यावरण स्पर्धेत तिच्या वाट्याला टुंड्रा आणि टायगा आले, म्हणजे सायबेरियातला बर्फाळ माळ आणि तिथलं जंगल. तीन मिनिटांचा व्हिडिओ करून दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता. पोरीनं दोन महिने जीव तोडून अभ्यास केला आणि आदल्या दिवशी तिचं सगळं शूटिंग मोबाइलमधून उडालं. (कुणी उडवलं? मीच! जागा करत होते.) ती रडतच झोपली.

सकाळी दार उघडलं तर हे धुकं! चार हातांवरचं दिसेना. म्हटलं, टुंड्रा दारात आला की! मी इस्लामपूरकडची, उसात वाढलेली. सासर मात्र माणमधलं, मेंढरांचं. एक पांढरी मेंढी धरली, बाभळीच्या वाळक्या फांद्या तिच्या डोक्याला बांधल्या, सानिकाला माळावर उभं केलं आणि माझ्या मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

"आई, टायगात लांडगे पण असतात गं."

"मग आणू की! त्यात काय?"

आमच्या यांचा मोबाइल स्पीकरला जोडला आणि लांडग्याचं ओरडणं लावलं. पार मोठ्यानं! तो भेसूर हेल धुक्यात लांबवर गेला. सासरे घोंगडं सावरत धावत आले.

"बंद कर त्ये, पोरी. लांडग्याला हाक मारू न्हाई. त्यो येतुया."

"आवं मामा, ह्यो सायबेरियातला हाय!"

"इथल्याला काय म्हाईत, कोण कुठला हाय त्ये?"

मी हसले आणि परत लावलं. तेवढ्यात मेंढरांची तोंडं चालायची थांबली. सगळी एकाच बाजूला बघत उभी राहिली. आमचं कुत्रं, जे एरवी ट्रॅक्टरवर धावून जातं, ते गपचूप पिकअपखाली शिरलं. मी स्पीकर बंद केला.

आवाज बंद झाला नाही.

"आई, बंद कर ना!"

"बंदच हाय गं!"

ओढ्याकडून एक हेल आला. मग दुसरा, आमच्या पाठीमागून, लय जवळून. आणि धुक्यातून काहीतरी माझ्याच दिशेनं यायला लागलं. डोक्यावर फांद्या, नाकातून वाफ!

ती आमचीच मेंढी होती. पण हे मला कळलं तेव्हा मी बाभळीवर होते. काट्यांसकट! कशी चढले, देव जाणे. वरून मी जे काही ओरडले, त्याला शब्द म्हणता येणार नाही. माझ्या हातातला मोबाइल खाली पडला, तो सानिकानं उचलला आणि ही पोरगी शांतपणे शूटिंग करत राहिली! सासऱ्यांनी हाळ्या मारल्या, मग सगळं थंड झालं. नंतर ओढ्याच्या ओल्या मातीत त्यांनी मला पंज्यांचे ठसे दाखवले. ताजे. दिवसभर मी घराबाहेर पडले नाही.

व्हिडिओ वेळेत गेला. सानिका निवडली गेली! साताऱ्याच्या अंतिम फेरीला मी नवी साडी नेसून मागच्या रांगेत बसले. परीक्षक म्हणाले, "लांडगे ओळखले, मेंढीही ओळखली. पण शेवटी झाडावरून तो केविलवाणा आवाज येतो, तो कुठल्या प्राण्याचा?"

सानिका जराही अडखळली नाही.

"मादी आहे, सर. धोका दिसला की पिल्लू खाली सोडून एकटीच झाडावर चढते."