दहावा खांदा

अठरा वर्षं सैन्यात काढली, तीही इंजिनिअर रेजिमेंटला. पूल बांधले, पाडले, स्मशानाशेजारी तंबू ठोकून झोपलो. कुणी भुताचं सांगायला लागलं की मी सरळ विचारायचो, "किती घेतली होतीस रं?" त्यामुळं हे वाचून मला कुणी तेच विचारलं तर राग मानणार नाही. फक्त एवढं सांगतो, वेळ सकाळी पावणेअकराची होती आणि माझ्या पोटात दोन कप चहा सोडून काही नव्हतं.

मी कडेगाव तालुक्यातला. पेन्शन आल्यावर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो. गेल्या वर्षी साताऱ्यातलं एक काम मिळालं... पेठेचं नाव मुद्दाम देत नाही. एका ट्रस्टला तिथल्या बंद गोदामाची स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका करायची होती. गल्लीतली म्हातारी माणसं त्याला 'इस्रायलांची मशीद' म्हणायची. मला वाटलं, मुसलमानांची असेल. पण दारावरच्या दगडात निराळीच चौकोनी अक्षरं, आणि खाली चक्क मराठी!

उलगडा केला रूबेनकाकांनी. ऐंशीच्या घरातले, पुण्यात राहणारे, जन्म ह्याच गल्लीतला. काम सुरू व्हायच्या आधी ट्रस्टनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मी मनात इंग्रजीची जुळवाजुळव करत होतो, तर काका म्हणाले, "अहो हवालदार, माझे आजोबाही पलटणीतलेच. आम्ही बेने इस्रायली, कोकणातून आलेले ज्यू. हे आमचं सिनेगॉग होतं, प्रार्थनेचं घर."

मग त्यांनी हाताला धरून दाखवलं. काळ्या दगडाचं जोतं, वर वीट आणि चुना. आठ सागवानी खांब. तीन बाजूंना लाकडी माडी, ती बायकांना बसायला. मधोमध कठड्याचा चौथरा, तिथं उभं राहून धर्मग्रंथ वाचायचे. आणि पश्चिमेच्या भिंतीत कमानीचा खोल कोनाडा, त्यात त्या ग्रंथांच्या गुंडाळ्या असायच्या. जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून सगळे तिकडं तोंड करून उभे राहायचे. त्या कोनाड्याला लावलेला हात काकांनी ओठांना लावला, आणि रुमाल काढून डोळे पुसले. पुढं बरीच माणसं मुंबईला गेली, तिथनं इस्रायलला. दाराला कुलूप लागलं आणि आत धान्याची पोती आली.

माझ्याकडं दहा गडी होते. मारुती त्यातला सगळ्यात भरवशाचा, वडूजकडचा. त्याची बायको कमल वाळू चाळायला असायची. बाकीच्यांची नावं सांगत बसत नाही. मला फौजेची एक सवय लागलेली... गडी रांगेत उभे करायचे आणि खांद्यावर हात मारत मोजायचं. एक, दोन, तीन... तोंडं बघायची गरज नाही, आकडा भरला की झालं. गडी हसायचे. होतो हवालदार, पण त्यांच्या तोंडी प्रत्येक फौजी मेजरच. "मेजर, आमी काय बकरी हाय व्हय?" म्हणायचे. हसू देत!

त्या दिवशी माडी उतरवायची होती. उत्तरेकडच्या खांबाला आतनं वाळवी लागलेली, वरनं काही कळत नव्हतं. तो कडकन वाजला. मी दारातच होतो, शिट्टी फुंकली. गडी पळत बाहेर आले, आणि मागोमाग माडी आणि अर्धं छप्पर खाली! धुळीनं गल्ली भरून गेली. मी तिथंच ओरडलो, "रांग!" आणि मोजायला लागलो. डोळ्यांत माती, समोरचं धड दिसत नव्हतं. आठ... नऊ... दहा. दहाव्याच्या खांद्याला काहीतरी दोरे-दोरे लागले, बोटात अडकले. कुणीतरी टॉवेल घेतला असेल, म्हटलं. जीव भांड्यात पडला.

उरलेलं छप्पर रस्त्याकडं कललं होतं आणि शेजारी घरं. जेसीबी तयारच होता. ते आतल्या बाजूला ढकलायला सांगावं म्हणून मी हात वर केला...

तेवढ्यात कमल नळावरनं पळत आली. "आवं मेजर, आमचं ह्ये कुठं हायती?"

"हाय की गं. दहाबी बाहेर आल्यात."

तिनं माझं ऐकलंच नाही. रांगेत एकेकाचं तोंड बघत गेली आणि शेवटाला पोचून जी किंचाळली, ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मारुती नव्हता. मी पुन्हा मोजलं. नऊ. ड्रायव्हरनं नजर माझ्या हातावर लावून बकेट उचलली होती. मी झटकन हात खाली घेऊन त्याला थांबवलं नसतं तर मारुती माझ्याच इशाऱ्यानं गाडला गेला असता.

पश्चिमेच्या खिडकीचे गज कापून आत शिरलो. सगळीकडं वासे नि विटा, आणि त्या कमानीच्या कोनाड्यात मारुती ताठ उभा! अंगावर ओरखडा नाही. बाहेर आणून पाणी पाजलं. कमल त्याला मारत होती आणि रडत होती.

मी विचारलं, "शिट्टी ऐकली न्हाईस का रं?"

"ऐकली की. दाराकडं पळालोच व्हतो. त्या म्हाताऱ्यानं दंड धरला."

"कुठला म्हातारा?"

"पांढरी शाल डोक्यावरनं घेतल्याली, काठाला दोरं. ट्रस्टची माणसं बघायला आल्यात वाटलं मला. लय जण व्हती, सगळी भिताडाकडं तोंड करून. म्हातारा म्हनला, आमचा एक बाहेर गेलाय, त्याच्या जागंवर तू थांब."

ट्रस्टचं कुणीही त्या दिवशी आलेलं नव्हतं. दोऱ्यांचं मी कुणाला बोललो नव्हतो. नऊही गड्यांना विचारलं. एकाकडंही टॉवेल नव्हता.

संध्याकाळी काकांना फोन केला. अख्खं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "दोऱ्यांची शाल आम्ही प्रार्थनेला घेतो. आणि त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा भरेनात म्हणूनच तर कुलूप लावलं. पण हवालदार, दहावाही आमच्यातलाच लागतो. मारुती त्यात धरला गेला नसता." शेवटी म्हणाले, "आणि आमच्यात माणसं अशी आकड्यानं मोजत नाहीत. वाईट समजतात."

काम मी पूर्ण केलं. कोनाडा तसाच ठेवला. आता हजेरी नावं घेऊन, तोंड बघून घेतो. कमल म्हणते, त्यांनी माझा मालक वाचवला, आणि शनिवार त्यांचा पवित्र वार म्हणून दर शनिवारी दाराशी दिवा लावते. मारुतीचंही तेच. वाचवला, हे मलाही मान्य आहे... मग त्यांचा तो एक जण बाहेर कशाला आला होता? माझ्या रांगेत उभा राहून त्यानं आकडा भरला नसता, तर मी हात वर केलाच नसता.