बेबी शुभासोबत बागलाणात

मी पदवीधर झालो तो राजाराम गुरुजींमुळे. पेठच्या डोंगरातून नाशिकला आलो तेव्हा तीन वर्षं त्यांनी मला घरच्यासारखं ठेवून घेतलं. आता ते गावी परतलेत आणि त्यांना ऐकू येत नाही. मध्यंतरी त्यांचं पत्र आलं : "शुभाबरोबर एकदा कार्यक्रमाला जा. खरं लिही. तिला आता थांब म्हणायचं का, ते तुझ्या पत्रावर ठरवीन."

शुभाताई त्यांची मुलगी. आठव्या वर्षी तिच्या चिमणीच्या गाण्याची कॅसेट घरोघरी वाजली. वर नाव 'बेबी शुभा'. विशीत तिने चमचमत्या कपड्यांत पॉप अल्बम केला, तो चालला नाही. आता तिशी ओलांडल्यावर ती लग्नांतून अहिराणी गाणी म्हणते.

अंबडच्या कारखान्यातून रजा काढून मी पहाटेच इंदिरानगरला तिच्या जीपमध्ये बसलो. चांदवडपर्यंत ती मागच्या सीटवर झोपूनच होती. मालेगावात ट्रक आणि सायकलींच्या गर्दीत तासभर अडकलो तेव्हा डोळे न उघडताच म्हणाली, "बाबांनी पाठवलंय ना तुला?"

मी 'हो' म्हणालो.

"काठावर तरी पास कर रे."

सटाण्याच्या पुढे बागलाणातल्या एका गावात हळद होती. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही आणखीच सुस्तावलो. मांडवात ताईने नवं गाणं सुरू केलं, तर मागून पोरं ओरडली, "ओ बेबीताई, चिमणी उडवा ना!"

तिने उडवली. आवाज बारीक करताना गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. टाळ्या पडल्या.

मग तिने घट्यावरचं (जात्यावरचं) हळदीचं गाणं घेतलं. पहिल्याच ओळीत नवरदेवाचं नाव आलं आणि हळद दळणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी उठली.

"काय करी राहिनी माय? देवस्ले बलावनं नही आनि नवरदेवले हळद?"

इथे पहिल्या गाण्यात देवांना आवतण देतात, त्याशिवाय दळण पुढे जात नाही. ताईला हे ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"आठे बठ. आमना मांगे म्हन," म्हातारीने घट्याजवळ जागा करून दिली.

माईक ठेवून ताई खाली बसली. त्यांच्यामागून म्हणत राहिली, चुकत राहिली. पोरं कंटाळून उठून गेली. हळद दळून संपल्यावर म्हातारी म्हणाली, "गळा चांगला शे, घाई भलती शे. मनी नातना लगीनले येजो. भोंगा नको आनजो."

परतीला जीपमध्ये ताई बसलेल्या गळ्याने तेच आवतण पुटपुटत होती. नाशिकला पोचल्यावर मी आंघोळही न करता लिहायला बसलो :

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार. खरं लिहितो. ताई फार थकली आहे. लोकांना अजून आठ वर्षांची मुलगी हवी आहे आणि ताई त्यांना तीच देते. ते मला बघवलं नाही. पण बायकांत बसून ती तासभर शिकत होती. एकही टाळी पडली नाही, तरी ती उठली नाही. तिला गाणं थांबव म्हणू नका. चिमणी थांबव म्हणा. ते गाणं तुम्हीच तिच्याकडून बसवून घेतलं होतं. तुम्ही सांगितल्याशिवाय ती ते सोडणार नाही.
आपला,
काशिनाथ