कापडाबाहेरची कवडी

"रडत गेलेली बाई आत्याबाईंच्या दारातून हसत बाहेर पडते," असे शेजारी म्हणत. चाळीस वर्षे कवड्या टाकून भविष्य सांगणाऱ्या आत्याबाई हे ऐकले की मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

भाचा रुग्णालयांच्या पाट्या आणि प्रतीक्षागृहांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत डिझायनर होता. रुग्णांच्या माहितीच्या ढिगाऱ्यापुढे तिथे सगळ्यांची मती गुंग झाली, तेव्हा त्याला आत्या आठवली. विस्कटलेल्याकडे कसे बघायचे, ते तिने शिकवावे, असा त्याचा बेत.

आत्याबाईंनी कचेरीतल्या टेबलावर कापड पसरून कवड्या टाकल्या. "आधी दाटी बघायची, मग रिकामी जागा. पण एखादी कापडाबाहेर गेली, तर सगळ्यांच्या आधी ती."

भाच्याच्या सहकाऱ्यांच्या माना डोलल्या. कुणी लिहूनही घेतले.

मग भाच्याने पडद्यावर ठिपके दाखवले. एकेक ठिपका म्हणजे एक रुग्ण. "बघ, बहुतेकांचा नंबर अर्ध्या तासात लागतो. साहेब खूश होतील."

"कोपऱ्यात ते फिकट काय आहे?"

"ते सोड गं. नंबर घेतला आणि कंटाळून डॉक्टरांना न भेटताच गेले. मोजणीतून काढलेत, म्हणून फिकट. चित्र कसं स्वच्छ दिसतं!"

आत्याबाईंना काही वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवला. शेजारची शिंपीण आली होती, नवऱ्याच्या छातीत कळा येतात म्हणून. तेव्हा एक कवडी कापडाबाहेर घरंगळली. आत्याबाईंच्या लेखी याचा अर्थ एकच: आजच्या आज डॉक्टर गाठा. पण शिंपिणीचे भरलेले डोळे बघवेनात. त्यांनी बोटाने हळूच ती आत ओढली आणि म्हणाल्या, "काही होत नाही त्यांना." तिसऱ्या दिवशी तो गेला. शिंपिणीने कधी बोल लावला नाही. तिला ठाऊकच नव्हते. पुढे ती आत्याबाईंचे कपडे जीव लावून शिवत राहिली.

आत्याबाईंनी हे सारे तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगून टाकले. भाच्याला कुठे बघावे कळेना.

"अगं आत्या, हे इथे कशाला? मी यांना तुझी पद्धत शिकायला बसवलंय!"

"पद्धतच सांगतेय. तिचं तोंड उतरू नये म्हणून मी कवडी लपवली, आणि साहेबांचं उतरू नये म्हणून तू माणसं पुसलीस. परत घाल ती."