सातवा सांधा

अर्विड टोलेफसनच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं होतं. गाडी बिचारी बाहेर बर्फात. आत गोल पात्याच्या तीन विजेच्या करवती, अकरा रंधे आणि कोन मोजायचं एक बॅटरीवालं यंत्र. ते अंशाचेही शंभर भाग करून दाखवायचं, म्हणून अर्विड त्याला देवाच्या जरासंच खाली मानायचा. पोस्टमन म्हणून बत्तीस वर्षांत त्याचं एकही पत्र चुकीच्या दारी गेलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यानं पक्ष्यांसाठी सहा बाजूंचं घर केलं, तर पक्षी सांध्याच्या फटीतूनच ये-जा करू लागले. दार काय, नुसतं शोभेला.

या वेळी सात बाजूंची फ्रेम होती. बायको व्हर्ना आणि तिच्या सहा बहिणींच्या फोटोसाठी. लाकूड त्यांच्या वडिलांच्या शेतावरचं, वादळात पडलेल्या काळ्या अक्रोडाचं. शेवटची फळी उरली होती, मोजून सात तुकड्यांची. चुकलं की संपलं. आणि रविवारी चर्चनंतर थोरली हिल्डर कॉफीला येणार होती.

हिल्डर कधी वाईट बोलायची नाही. इथं मिनेसोटात कुणीच बोलत नाही. वस्तू फार आवडली तर म्हणतात, ‘वाईट नाही.’ अगदीच बघवली नाही तर म्हणतात, ‘वेगळं आहे.’ हिल्डरनं ‘वेगळं’ म्हटलेल्या अर्विडच्या नऊ वस्तू तळघरात मुक्कामाला होत्या.

सात बाजू म्हणजे प्रत्येक टोकाला पंचवीस पूर्णांक पाच सप्तमांश अंश. असला कोन करवतीवर कोण छापतो? अर्विडनं यंत्र लावून पातं वळवलं आणि आधी साध्या पाइनचे सात तुकडे कापून जुळवले. सहा सांधे झकास बसले. सातव्यात सुताराची पेन्सिल उभी राहिली, वर डोलायलाही जागा होती.

"थोडा सरस, थोडा भुसा, की झालं," अर्विड पुटपुटला.

व्हर्ना कॉफी घेऊन दारातच उभी होती. "पक्ष्यांच्या घरालाही तेच भरलं होतंस ना?"

"यंत्र पंचवीस पॉइंट एकाहत्तर दाखवतंय. लाकडाचंच काहीतरी चुकतंय."

"असेल बाई. पाइनला शाळेत गणित कच्चं असेल."

तिनं कप ठेवला आणि वाकून पाहिलं. चाळीस वर्षं गोधड्या शिवलेले डोळे ते. "यंत्राची पट्टी पात्याच्या दातावर टेकलीय, अर्विड. दात जरासे बाहेर आलेले असतात. तू पात्याचा कोन मोजतच नाहीयेस."

"ते माहीत होतं मला."

"मग लाकडाला सांगायचं राहिलं."

ती घरात गेली आणि पुठ्ठ्याचा एक लांबलचक त्रिकोण घेऊन आली. नाताळच्या झाडाखाली पसरायचं गोल कापड ती सात पाकळ्यांचं शिवायची. हा अर्ध्या पाकळीचा साचा. "आखूड बाजू करवतीच्या मागच्या आडव्या पट्टीला लाव. तिरकी बाजू पात्याला, दोन दातांच्या मधे. तीस नाताळ झाले, कापड कधी फुगलं नाही की ताणलं नाही."

"पुठ्ठ्यावरून करवत लावायची?"

"नको, राहू दे. भुसा चाळून देऊ का?"

अर्विडनं पातं पुठ्ठ्याला भिडवलं आणि पुन्हा पाइन कापून पाहिलं. पेन्सिल शिरेना. मग व्हर्नाच्या डोक्यावरचा एक पांढरा केस मागितला, तोही शिरेना. तेव्हा कुठे त्यानं अक्रोडाला हात घातला. चौदा काप होईपर्यंत कॉफी गार.

रविवारी हिल्डरनं चष्मा लावला आणि सातही सांध्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेच अडेना, म्हणून पुन्हा एकदा फिरवलं.

"वाईट नाही," ती म्हणाली.

अर्विडचे कान लाल झाले. एवढ्यावर गप्प बसला असता तर तो अर्विड कसला. "यंत्र आहे ना माझ्याकडे," तो म्हणाला. "अंशाचा शंभरावा भाग दाखवतं."

हिल्डरनं बहिणीकडे पाहिलं. "कसं आहे गं ते यंत्र?"

व्हर्नानं शांतपणे तिच्या कपात कॉफी ओतली.

"वेगळं आहे," ती म्हणाली.