पोटातलं कासव

पैसे म्हणून लोखंडी सळया चालायच्या तेव्हा असले घोळ होत नसत. बाजाराला निघालं की सळयांची मोळी खांद्यावर घ्यायची, आणि कुणी सळई गिळल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. आता आमच्या एजिना बेटावर चांदीची नाणी पाडतात. मसुराहून जराशी मोठी, वर कासव ठोकलेलं. आमच्या कपड्यांना खिसा नाही, म्हणून सुटं नाणं गालात. सगळं बेट गाल फुगवून हिंडतं.

माझा शेजारी मिकीलस स्पंज काढायला समुद्रात बुड्या मारतो. तळाशी श्वास रोखून धरणारा गडी, पण लांपितोसमोर गेला की त्याची बोबडी वळते. लांपितो विधवा. बंदरावर मसुराची आमटी विकते, आणि जीभ अशी की खलाशीसुद्धा वाडगा धुऊन परत देतात. तिचा भाऊ अमावास्येला तिचं एका तेलवाल्याशी लग्न लावून देणार होता. पाचच दिवस उरले होते.

"आज तू विचारतोस की मी विचारू?" मी मिकीलसला म्हटलं.

"तू तुझी जाळी शिव," असं म्हणून तो गालात कासव घेऊन गेला. मी मागोमाग गेलोच.

आमटी संपली. लांपितोने पैशासाठी हात पुढे केला. त्या हाताकडे बघून या गड्याला एकदम धीर आला. "बाई, मी... तुम्ही..." म्हणाला, आणि गटकन आवाज झाला.

"काय झालं?"

"गेलं."

"कुठे?"

त्याने पोटाकडे बोट दाखवलं.

"मेल्या, माझं कासव गिळलंस? बस इथेच! बाहेर येईपर्यंत हलायचं नाही."

तिने त्याला दिवसातून तीन वेळा मसूर आणि वर अंजिरं चारायला सुरुवात केली. रोज सकाळी अख्ख्या बंदरासमोर विचारायची, "झालं का?" हा मान खाली घालून म्हणायचा, "नाही, बाई." खलाशांनी पैजा लावल्या. बसल्या बसल्या तो चूल फुंकायला लागला, पाणी आणायला लागला. आणि गाल रिकामा असल्यामुळे की काय, चक्क बोलायला लागला. एकदा एका आठपायी माकुलाने त्याची टोपली पळवली होती, ते त्याने सांगितलं, आणि लांपितो पोट धरून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणा हवं तर.

पाचव्या संध्याकाळी तो माझ्या कानाशी लागला. "ते दुसऱ्याच दिवशी आलं होतं. पण सांगितलं तर ती उठवेल ना मला!"

"गाढवा, उद्या अमावास्या!"

सकाळी त्याने चकचकीत नाणं तिच्या फळीवर ठेवलं. "आलं."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी," तो पुटपुटला.

"माहीत आहे. खडकामागे बसून अर्धी दुपार घासत होतास."

"मग रोज का विचारत होतात?"

लांपितोने आमटी ढवळली. बराच वेळ ढवळली.

"तू नाही म्हणावंस म्हणून," ती म्हणाली. "आता तोंड धू आणि माझ्या भावाकडे पळ. तेलवाला दुपारी येतोय."