कुंभारीच्या रस्त्यावरचा तांब्या

हरलेल्या माणसाशी लोक इतकं गोड का बोलतात, हे मला आजवर कळलेलं नाही. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दारात माणसांची रीघ लागली. "हार-जीत चालायचीच." "पळालास हेच लई झालं की." गल्लीतल्या एका मास्तरांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवत, अपयश ही यशाची पहिली पायरी असते, असं वर्गात सांगतात तसं सांगितलं. मला वाटलं, या गृहस्थांना त्या पायरीवर एकदा नेऊन बसवावं. फाल्गुनातल्या उन्हात, फुफाट्याच्या रस्त्यावर, जीभ टाळूला चिकटलेली असताना. मग ऐकावं काय म्हणतात ते. आई आत चुलीपाशी होती. तिनं एकदाच विचारलं, "पेज घेतूस का वाईच?" आणि मी तिच्यावर वसकन ओरडलो.

शर्यत हरल्याचं दुःख पुढं फार टिकलं नाही. हरल्यावर मी जे केलं त्याचा राग मात्र अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. वडील शाळेत शिपाई, आणि मी सातवी पास होऊन सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या हजेरीखात्यात कारकुनी करत होतो. सकाळच्या भोंग्याआधी तालमीत जायचो. कुस्तीत माझी काही प्रगती नव्हती, समोरचा मला उचलून आपटायचा आणि मी माती झाडत उठायचो. पण पळायला लागलो की थांबायचो नाही. वस्तादांनी ते हेरलं. गावातल्या जिमखान्यानं अक्कलकोट ते सोलापूर अशी चोवीस मैलांची शर्यत जाहीर केली, तेव्हा माझं नाव मला न विचारता वस्तादांनीच देऊन टाकलं. जिमखान्याचे सेक्रेटरी तिला 'मॅरेथॉन' म्हणत. आम्ही नुसतं 'पळायचं' म्हणायचो. जो पहिला येईल त्याला पुण्याच्या शर्यतीला पाठवणार होते. मी तोवर बार्शीच्या पलीकडं गेलो नव्हतो. पुणं हा शब्द दोन महिने माझ्या डोक्यात घुमत होता.

वस्तादांनी मला तयार केलं ते पैलवानाला करतात तसं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. बदाम, खसखस, बडीशेप वाटून केलेली थंडाई, वर चमचाभर तूप. पाचशे बैठका, मग होटगीच्या रस्त्यानं जाऊन येणं. आणि आखाड्याचा जो नियम तोच रस्त्याला: अंग तापल्यावर पाण्याला शिवायचं नाही. "भट्टी पेटल्यावर पानी वतलं तर काय हुतंय? तडकती," ते म्हणायचे. "काळीजबी तसंच. घसा कोरडा पडला तर खडा चघळ, पन पानी न्हाय." मी तोंडात गारगोटी घोळवत पळायचो. वस्तादांचा शब्द म्हणजे आमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती.

अक्कलकोटच्या वाटेवर, सोलापूरच्या अलीकडं सहा-सात मैलांवर कुंभारी लागतं. तिथं माझी मोठी बहीण दिली होती. मी तिला अक्का म्हणायचो. शर्यतीआधी आठ दिवस ती बाजाराला आली, तेव्हा वस्तादांचा नियम ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आमच्या मळणीला मानसं सकाळधरनं उनात ऱ्हात्यात. गूळ-मिठाचं पानी दर घटकंला पाजावं लागतंय, न्हायतर दुपारी खळ्यावरच आडवी हुत्यात. मी तांब्या घिऊन रस्त्यावर हुबी ऱ्हाते बघ."

"शर्यत म्हंजे मळणी न्हवं, अक्का," मी हसून म्हणालो. "उभी राहू नकोस" असं मी म्हणालो नाही. ती उभी राहणार याचं मला बरंच वाटलं होतं. बहिणीच्या गावातून पहिला नंबर धरून जायचं, ती बघणार, तिच्या सासरची बघणार. माझ्या डोळ्यांपुढं तेच होतं.

सकाळी सातला अक्कलकोटातून सुटलो. बाराजण होतो. सुटायच्या आधी वस्तादांनी मोठा लोटाभर थंडाई मला संपवायला लावली होती, ती पोटात डचमळत होती. आयोजकांनी वाटेत मांडव घालून पाण्याचे रांजण ठेवले होते. आमच्यात सोलापूरच्या पूर्व भागातला एक तेलुगू विणकर होता, किडकिडीत, अनवाणी. तो प्रत्येक रांजणापाशी थांबून दोन घोट प्यायचा आणि ओला पंचा डोक्यावर टाकून पुन्हा निघायचा. मी मागं वळून बघायचो आणि हसायचो. हा काय पळणार, हा तर पाणपोई शोधत हिंडतोय! वळसंगला एक म्हातारी घागर घेऊन रस्त्यात आली आणि "नीर कुडी, नीर कुडी" म्हणत माझ्या मागं दहा पावलं पळाली. तिची कानडी न येणाऱ्यालाही कळली असती. मी हातानंच तिला नको म्हटलं. तोवर मी पहिला होतो आणि मागचा दिसतही नव्हता.

वळसंग सुटल्यावर घाम येणं बंद झालं. हे चांगलं लक्षण आहे असं मला वाटलं, इतका मी शहाणा होतो. मांड्यांत गोळे यायला लागले. कुंभारीची झाडं दिसली तेव्हा ती एकदा जवळ वाटायची, एकदा लांब.

अक्का खरंच रस्त्यावर होती. नवं लुगडं नेसून, सासू शेजारी, मागं निम्मं गाव. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं असणार, माझा भाऊ पहिला येणार म्हणून. मी जवळ आलो तशी ती पुढं झाली आणि तांब्या धरून माझ्या बरोबरीनं पळायला लागली. "अरं बाबा, घोटभर तरी घे. तोंड बघ की तुजं कसं झालंय." तांब्या काठोकाठ भरलेला होता. तिच्या बोटांवरून पाणी सांडत होतं आणि त्या पाण्याचा वाससुद्धा मला आला, गुळाचा. मला ते इतकं हवं होतं की त्याचाच राग आला. मी हाताचा फटकारा मारला. तांब्या उडून रस्त्यावर आपटला, पाणी निम्मं तिच्या लुगड्यावर आणि निम्मं फुफाट्यात. "वाटंतनं हो!" मी ओरडलो. मागं कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर दोन मैल पळालो असेन. मग बाभळींची एक रांग होती, ती तिरकी झाली आणि मी पडलो. पालथा. तोंडात माती. शुद्ध येत-जात होती तेव्हा तो विणकर शेजारून गेला. त्याचे पाय धुळीनं माखलेले होते, पण पावलं सकाळसारखीच पडत होती. पुण्याला तोच गेला.

मला परीक्षकांच्या मोटारीत मागं टाकून गावात आणलं. आणि आमचे लोक कसले! नवी पेठेच्या तोंडाशी त्यांना मोटारीत बनियन घातलेला एक तरुण दिसला, तेवढ्यावर त्यांनी टाळ्या सुरू केल्या. एकानं धावत येऊन माझ्या गळ्यात हार घातला. विणकर पाठीमागून आपल्या पायांनी पळत येत होता आणि हार माझ्या गळ्यात. मी तो तोडून फेकला. स्थानिक वर्तमानपत्रात दोन दिवसांनी शर्यतीवर लांबलचक मजकूर आला. त्यात शेवटी एक ओळ होती, की एक स्पर्धक भोवळ येऊन पडला. माझं नाव घालण्याचीही त्यांना गरज वाटली नाही.

शर्यतीच्याच दिवशी संध्याकाळी वस्तादांपुढं उभा राहिलो होतो. त्यांचा चेहरा पडलेला होता. दोन महिने त्यांनी मला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं होतं. त्यांनी विचारलं, "पानी प्यालास का वाटंत?"

"न्हाय."

"मग कुनी आडवलं का?"

मी म्हणालो, "कुंभारीत अक्का आडवी आली. तांब्या घिऊन."

एवढंच म्हणालो. वस्तादांचे डोळे बारीक झाले. "भरल्याला का रिकामा?"

आता हे वाचणाऱ्याला सांगायला नको. माणूस कामाला निघाला आणि समोर भरलं भांडं आलं तर शकुन, रिकामं आलं तर अपशकुन. आमच्याकडं रिकामी घागर घेऊन निघालेली बाईसुद्धा माणूस दिसला की बाजूला थांबायची. वस्तादांना कारण हवं होतं. त्यांचा नियम चुकला असं म्हणायचं नव्हतं, आणि मी चुकलो असं मलाही म्हणायचं नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. तोंडातून एक शब्द काढायचा होता, भरलेला. तो काढला नाही.

"रिकामाच असनार," वस्ताद म्हणाले. "मग झालंच की. उगंच पडलं न्हाय पोरगं." तालमीतली चार पोरं ऐकत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण म्हणून सख्खी बहीण पुढं केली.

पुढचे महिने मी कुणाशी सरळ बोललो नाही. तालीम सोडली. हजेरीला दोन मिनिटं उशीर झालेल्या माणसांवर खेकसायचो, वड्याचं तेल वांग्यावर. कुणी पुण्याचं नाव काढलं की उठून जायचो. आणि रागाच्या भरात माझं मलाच पटायला लागलं होतं, की अक्का मध्ये आली नसती तर दम मोडला नसता. मनात तांब्या हळूहळू रिकामा होत होता. रोज थोडं खोटं बोललं की ते खरं वाटायला लागतं.

नागपंचमीला अक्का माहेरी आली नाही. वडील आणायला गेले होते, ते एकटेच परतले. भाऊबीजेलाही आली नाही. त्या दिवशी आईनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि ती तिथंच बसली. "खरं सांग," ती म्हणाली, "तिचा तांब्या रिकामा हुता?" मी जेवण टाकून उठलो. आई उठली नाही. मी अंगणातून बघितलं तर ती माझ्या ताटाकडंच बघत बसली होती.

दिवाळीनंतर कुंभारीचा एक गाडीवान गिरणीच्या फाटकाशी भेटला. मी कोण हे त्याला ठाऊक होतं. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "तुमच्या बहिणीचं काय खरं न्हाय बगा. यंदा पेरणीला बैलं भायेर काडायच्या आदी तिला आत कोंडली. म्हंजे आडवी यायला नगं. शेजारचीबी कुटं निगाली की आदी इचारत्यात, ती बाई हाय का दारात? सख्ख्या भावालाच पाडलं म्हनत्यात की तिनं. पानी सांडताना बघितल्यालीबी आता तांब्या रिकामाच हुता म्हनत्यात, भाऊच सांगतुया म्हनून."

मला अंगभर आग लागली. त्या गाडीवानाला मी नको ते बोललो. मग गावाला शिव्या घातल्या, तिच्या सासूला, तिच्या नवऱ्याला, वस्तादांना, जिमखान्याला. तो बिचारा बैल हाकून निघून गेला. मी फाटकाशी एकटाच बडबडत उभा राहिलो आणि शिव्या द्यायला माणसं संपली. एकच उरलं होतं.

रविवारी गिरणीला सुट्टी. सकाळी घरातून निघालो आणि त्याच रस्त्यानं चालत कुंभारीला गेलो. वाटेत पाणी प्यालो नाही. हे सांगायलाही लाज वाटते, पण खरं आहे. पारावर माणसं बसली होती. मी तिथं थांबून म्हणालो, "शर्यतीच्या दिवशी अक्काचा तांब्या भरलेला होता. मी तो पाडला." मला वाटलं होतं, आवाज खणखणीत निघेल. तो चिरकला. एक म्हातारा म्हणाला, "बरं, बरं, बसा." बाकीचे पान खात होते ते खातच राहिले.

अक्काच्या दारात गेलो. सासू ओसरीवर डाळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. अक्का उंबऱ्याच्या आत उभी होती. वाळली होती. रडेल असं वाटलं, पण तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"नऊ म्हैने," ती म्हणाली. "सात मैलांची वाट चालाया नऊ म्हैने लागलं? तू तर पळनारा न्हवं का?"

मी म्हणालो, "अक्का, पाणी दे."

ती आत गेली आणि घागर उचलून बाहेर ओसरीवर घेऊन आली. पाठोपाठ तोच तांब्या, एका बाजूला चेपलेला. गुळाचा खडा, चिमूटभर मीठ. पारावरची दोघं-तिघं तोवर दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं सगळ्यांदेखत तांब्या भरला, पाणी काठावरून सांडेपर्यंत, आणि माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला तसा तिनं तो मागं घेतला.

"आदी नीट बघ. भरल्याला हाय का रिकामा?"

"भरलेला हाय."

"मोट्यानं सांग. आत्याबाईला कमी ऐकू येतंय."

"भरलेला हाय!" मी ओरडलो. सासूचा डाळ निवडणारा हात थांबला.

मग अक्कानं तांब्या माझ्या हातात दिला. "त्या दिशीबी एवडाच भरला हुता," ती म्हणाली, आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत माझ्याकडं बघत तिथंच उभी राहिली.